विचारा की! नाताळात अंटार्क्टिकाला निघालेल्यांसाठी

गेल्या अंकात बोटीवरच्या नाताळच्या जेवणावर चार ओळी खरडल्या होत्या. अंटार्क्टिकाला माणसं नेणाऱ्या बोटींच्या गॅलीत, म्हणजे बोटीच्या स्वयंपाकघरात, माझी उमेदीची वर्षं गेली, एवढंच सांगायचं होतं. त्यावर पत्रांचा ढीग पडला. आपल्या बेळगाव-खानापूर-निपाणीची माणसं आता थेट तिकडे निघालीत, बघा की! त्यातल्या काही पत्रांना इथे उत्तरं देतो. मी आचारी माणूस, गाईड नव्हे. गॅलीच्या गोल खिडकीतून आणि पाळी संपल्यावर किनाऱ्यावर उतरून जे पाहिलं त्याच्या जोरावर बोलतोय.

मुलगा टेक्सासला असतो. त्याने आम्हा दोघांसाठी नाताळात अंटार्क्टिकाच्या बोटीचं बुकिंग केलंय. माझं वय अडुसष्ट, मंडळींचं त्रेसष्ट. तिचे गुडघे दुखतात, मला रक्तदाबाची गोळी चालू आहे. जावं की नको?
— तंबाखूचे निवृत्त व्यापारी, निपाणी

जा की, दादा. पोरगा पाठवतोय तर जा. फक्त वहिनींच्या गुडघ्यांची परीक्षा कुठे आहे ते आधी समजून घ्या. बर्फात चालण्यात ती फारशी नाही, होडीत चढण्या-उतरण्यात आहे.

तिथे धक्का नसतो. मोठी बोट खोल पाण्यात थांबते आणि दहा-बारा माणसं बसतील अशा रबरी होड्या, झोडियाक म्हणतात त्यांना, कुशीला येऊन लागतात. बोटीच्या अंगाला लावलेल्या शिडीने खाली यायचं. खालच्या फळीवर उभं राहिलात की समोरची होडी लाटेबरोबर वर-खाली होत असते. नाविक हात पुढे करतो. त्याची बोटं धरायची नाहीत. त्याने तुमचं मनगट धरायचं, तुम्ही त्याचं. बोटं ओली असली की सुटतात, मनगटाची पकड सुटत नाही. दोन्ही हात मोकळे हवेत, पिशवी पाठीवर. तो सांगेल त्या क्षणी एक पाऊल होडीच्या फुगीर कडेवर, दुसरं आत, आणि लगेच खाली बसायचं. मग बसल्या बसल्याच सरकत पुढे जायचं. किनारा आला की कडेवर बसून पाय बाहेर फिरवायचे आणि नडगीभर पाण्यात उतरायचं. बूट गुडघ्यापर्यंतचे रबरी असतात, बहुतेक बोटींवर ते वापरायला मिळतात.

वहिनींना आजपासून रोज कठडा न धरता जिना चढायला-उतरायला सांगा. दोन मजले बिनधरता जमले तर काळजी नाही. आणि एखाद्या दिवशी गुडघा कुरकुरला तर उतरायचंच नाही. होडीत बसून हिमनगांच्या मधून नुसतं फिरवून आणायचीही सोय असते. माझ्या मते ते जास्त छान, कारण तिथे पाय सांभाळायचे नसतात, नुसतं बघायचं असतं.

बोटीचा वैद्यकीय फॉर्म येईल. त्यात रक्तदाब लपवू नका. बोटीवर डॉक्टर आणि छोटा दवाखाना असतो, पण दुखणं मोठं निघालं तर माणसाला तिकडच्याच किंग जॉर्ज बेटावरच्या धावपट्टीपर्यंत न्यावं लागतं. विमान तिथे उतरायचं की नाही ते ढग आणि वारा ठरवतात. म्हणून विमा नुसता 'परदेश प्रवासाचा' असून भागत नाही. अंटार्क्टिकातून उचलून आणायचा खर्च त्यात धरलाय का, तेवढं एक वाक्य मुलाला पॉलिसीत शोधायला सांगा.

आणखी एक. बोट सुटते अर्जेंटिनातल्या उशुआया बंदरातून. अर्जेंटिना पीतज्वराच्या देशांच्या यादीत येतो, त्यामुळे भारतात परत येताना लशीचं पिवळं पुस्तक मागतात. लस निदान दहा दिवस आधी घ्यावी लागते आणि सरकारने ठरवून दिलेल्या केंद्रांवरच मिळते. साठीच्या पुढच्यांना ती देताना डॉक्टर विचार करतात. तुम्ही दोघंही साठी ओलांडलेली, तेव्हा आधी घरच्या डॉक्टरांकडे जा, मग केंद्रावर.

गोव्याला जाताना कणकुंबी यायच्या आतच मला प्लास्टिकची पिशवी लागते, चोर्ला घाट तर पुढेच. मिस्टरांना ड्रेक पॅसेज ओलांडायची हौस. मी काय करू?
— निवृत्त शिक्षिका, टिळकवाडी

बाई, खरं सांगतो, लागेल. कोणाला किती, एवढाच प्रश्न. दक्षिण अमेरिकेचं टोक केप हॉर्न आणि पलीकडची साउथ शेटलंड बेटं यांच्यामधलं हे आठशे किलोमीटरचं पाणी. त्या अक्षांशावर पृथ्वीला पूर्ण फेरी मारली तरी वाऱ्याला आडवायला जमिनीचा तुकडा नाही. लाटांना वाढायला मोकळं रान. जायला जवळपास दोन दिवस, यायला दोन. कधी ड्रेक इतका शांत असतो की गाईड मंडळी त्याला तळं म्हणतात. तसंही नशीब निघतं.

शांत नसला की गॅलीत काय चालतं ते सांगतो, म्हणजे अंदाज येईल. शेगडीला चारी बाजूंनी लोखंडी कठडे लावायचे, पातेली त्यात अडकवायची. सूप अर्धंच भांडं करायचं. वाढणारी पोरं टेबलावरचे कापड ओलं करून अंथरतात, म्हणजे ताटल्या घसरत नाहीत. आणि एवढं करून जेवायला येतात निम्मीच माणसं.

तुम्ही एवढं करा. केबिन खालच्या मजल्यावरची आणि बोटीच्या मध्याजवळची मागा. वरची खिडकीवाली केबिन महाग असते आणि तीच जास्त डुलते. गोळी उलटी आल्यावर नव्हे, बोट बंदराजवळच्या बीगल खाडीत असतानाच घ्यायची. बीगल खाडीत पाणी शांत असतं, तिथे फोटो काढत बसलात की गोळी विसरते आणि मध्यरात्री मोकळा समुद्र लागतो. अव्होमिन आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे, पण तुमच्या बाकीच्या औषधांबरोबर चालते का ते विचारून घ्या. कानामागे चिकटवायची पट्टी पुष्कळ लोक वापरतात. काचबिंदू असेल तर ती लावू नका, आणि मिस्टरांना प्रोस्टेटचा त्रास असेल तर त्यांनीही नको. पोट रिकामं ठेवू नका. कोरडा टोस्ट, हिरवं सफरचंद, आणि आपला आलेपाक सोबत न्याच. माझ्याकडून आलेपाक घेऊन खाल्लेले नॉर्वेचे खलाशी आहेत.

अगदीच नको असेल तर चिलीतल्या पुंता अरेनासहून विमानाने किंग जॉर्ज बेटावर उतरून तिथे बोट पकडता येते. विमानाला दोनेक तास लागतात. पैसे जास्त, आणि ढग असले की विमान उडत नाही. मग पुंता अरेनासच्या हॉटेलात बसून राहायचं.

मुलांना कॉन्व्हेंटची नाताळची सुटी दहा दिवसांची. तेवढ्यात पेंग्विन आणि पांढरं अस्वल दोन्ही दाखवायचं आहे. उत्तर ध्रुव बरा की दक्षिण?
— एक पालक, कॅम्प, बेळगाव

साहेब, पांढरं अस्वल उत्तरेला, पेंग्विन दक्षिणेला. एका बोटीत दोन्ही दाखवतो म्हणणारा एजंट भेटला तर चहा पाजून वाटेला लावा.

डिसेंबरात उत्तर ध्रुवाकडे काळोख असतो. नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर ऑक्टोबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत सूर्य उगवतच नाही. तिकडे त्या दिवसांत उत्तरेचे रंगीत प्रकाश बघायला जातात, अस्वलं बघायला उन्हाळ्यात. दक्षिणेला मात्र ऐन उन्हाळा. अंटार्क्टिक द्वीपकल्पावर डिसेंबरअखेर सूर्य थोडा वेळ मावळल्यासारखं करतो आणि परत वर येतो, पूर्ण अंधार होतच नाही. पारा शून्याच्या अलीकडे-पलीकडे. थंडीपेक्षा वारा झोंबतो, आणि बर्फावरून परतणाऱ्या उन्हाने नाकाची सालं निघतात. जेंटू आणि चिनस्ट्रॅप पेंग्विनांची पिल्लं याच सुमारास अंड्यांतून बाहेर येऊ लागतात. नाताळ म्हणजे तिथला गर्दीचा आणि चढ्या भावाचा मोसम.

आता सुटीचा हिशोब. सांबऱ्याच्या विमानतळावरून बंगळूर किंवा मुंबई, तिथून युरोप किंवा आखात, मग ब्युनॉस आयर्स, मग उशुआया. जायलाच तीन दिवस धरा. बोटीवर दहा-अकरा दिवस. परतीला तीन. दहा दिवसांत बसत नाही. अनेक कंपन्या आठ वर्षांखालच्या मुलांना घेतही नाहीत. मुलं मोठी होऊ द्या. सध्या त्यांना कारवारला नेऊन समुद्र दाखवा, बोटीत बसल्यावर कोण ओकतं ते तरी कळेल.

मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालोय. आपल्या 'मैत्री' केंद्रावर जाऊन सलाम ठोकायचा आणि बर्फात भगवा रोवायचा मानस आहे. बोटवाले परवानगी देतील का?
— माजी सुभेदार, येळ्ळूर

सुभेदारसाहेब, आधी केंद्राचं बोलू. प्रवासी बोटी जातात त्या द्वीपकल्पाकडे, दक्षिण अमेरिकेच्या समोरच्या बाजूला. आपलं मैत्री शिरमाखर ओअॅसिसमध्ये आणि भारती हे आपलं दुसरं केंद्र लार्समन टेकड्यांवर, दोन्ही पूर्व अंटार्क्टिकात, तिथून हजारो किलोमीटर दूर. मैत्री 1989 पासून आहे, भारती 2012 पासून. मैत्रीच्याही आधीचं दक्षिण गंगोत्री केंद्र बर्फाखाली गेलं. तिथे जायचं ते सरकारी मोहिमेतून. तिकीट काढून नाही.

पण सलाम ठोकायला अंटार्क्टिकापर्यंत जायचं कशाला? भारताची पहिली मोहीम डिसेंबर 1981 मध्ये आपल्या शेजारच्या गोव्यातून सुटली. डॉ. कासीम तिचे प्रमुख होते, आणि 9 जानेवारी 1982 ला आपली माणसं त्या बर्फावर उतरली. आजही या सगळ्या मोहिमांचा कारभार ज्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रातून चालतो ते वास्कोच्या हेडलँड सड्यावर आहे. सकाळी येळ्ळूरहून निघालात तर जेवायला वास्कोत.

भगव्याचं असं आहे. हातात धरून फोटो काढा, कोणी हरकत घेत नाही. रोवायचा नाही. 1959 चा अंटार्क्टिक करार आणि त्यापुढचे नियम मानणाऱ्या बोटींवर शिस्त एकच: किनाऱ्यावर काही ठेवायचं नाही, तिथून काही उचलायचं नाही, खडासुद्धा. बर्ड फ्लू तिकडे पोचल्यापासून खाली बसणं, गुडघा टेकणं, पिशवी जमिनीवर ठेवणंही बंद झालंय. झेंडा घडीतून काढून, झटकून, तपासून मगच न्यायला मिळेल. गडावर वापरलेला जुना असेल तर नकोच, त्यात कुसळं असतात. त्याचं कारण पुढच्या उत्तरात येतंय.

आम्ही पूर्ण शाकाहारी. बोटीवर खायचे हाल होतात म्हणे. कुंदा, शेंगाचटणी, मेतकूट, थालीपिठाची भाजणी न्यावी म्हणते.
— एक गृहिणी, शहापूर

ताई, हे पत्र वाचून मला बरं वाटलं, हे माझं खातं आहे. हाल होत नाहीत. फक्त सांगायला हवं, आणि बुकिंगच्या वेळी सांगायला हवं. उशुआयाहून बोट सुटली की मध्ये बाजार नाही. जे भरलं ते भरलं. 'शाकाहारी' एवढंच लिहिलंत तर चीज आणि मशरूम रोज मिळेल, माशाचा रस्साही कोणीतरी भाजीत धरेल. अंडं चालतं का, मासा चालत नाही, लसूण-कांदा चालतो का, असं उघड लिहून द्या. डाळ-भात मागा. गॅलीत बहुतेक वेळा कोणी ना कोणी गोव्याचा, फिलिपिन्सचा असतो, भात त्यालाही हवाच असतो. पण रोज रात्री जेवणानंतर गॅलीच्या दारात येऊन 'थोडं वरण टाका हो' म्हणू नका. दुसऱ्या दिवशीचं तांदूळ-डाळीचं गणित सकाळीच झालेलं असतं.

कुंदा मात्र घरी ठेवा. दुधाचे पदार्थ, बिया, फळं, धान्य यावर अर्जेंटिना आणि चिली दोघांचीही करडी नजर. चिलीत तर विमानतळावर लिहून द्यावं लागतं, आणि लपवलेलं सापडलं तर दंड भरावा लागतो. मिठाईवाल्याने पेटी कितीही घट्ट बांधून दिली तरी कस्टमवाला ती सोडतोच. मेतकूट, चटणी नेणारच असाल तर कंपनीच्या बंद पाकिटातली न्या आणि फॉर्मवर लिहा. किनाऱ्यावर खायचं काहीच न्यायचं नाही, चघळायची गोळीसुद्धा.

आता कुसळं. पहिल्या उतरणीच्या आदल्या दिवशी सगळ्यांना कपडे घेऊन बोलावतात. व्हॅक्यूम असतो, चिमटे असतात, कागदाला लावायच्या पिना असतात. मोज्यांच्या विणीतून, पँटच्या दुमडीतून, बुटाच्या तळव्याच्या खाचेतून, वेल्क्रोच्या केसांतून एकेक बी टोचून काढायची. आपल्याकडची माणसं उचगाव-कडोलीच्या बांधावर घातलेलेच मोजे घालून येतात आणि मग त्यांच्यापुढे कुसळांची छोटी रास पडते. हसण्यावारी नेऊ नका. पोआ अन्युआ नावाचं एक साधं गवत किंग जॉर्ज बेटावरच्या पोलंडच्या केंद्राजवळ असंच येऊन रुजलं आणि ते उपटता उपटता शास्त्रज्ञांच्या नाकी नऊ आले. म्हणून मोजे नवे घ्या. जाता-येता बूट जंतुनाशकाच्या टबात ब्रशने घासायचे, ते वेगळंच.

एकूण खर्च किती? आणि लेमेर चॅनल, डिसेप्शन बेट, पोर्ट लॉक्रॉय ही तिन्ही ठिकाणं नक्की दाखवतात का? जाहिरातीत तिन्ही आहेत.
— एक वाचक, संकेश्वर

नाताळात विमानासकट माणशी आठ-दहा लाखांच्या खाली क्वचितच बसतं, वर कितीही. वर टीसीएस, म्हणजे बुकिंगच्या वेळीच घेतला जाणारा आगाऊ कर, कापतात, तो आयकराच्या विवरणात वळता होतो, पावती जपा. अर्जेंटिनाचा व्हिसा लागतो. अमेरिकेचा पर्यटक व्हिसा असणाऱ्यांना सवलत आहे, पण निघायच्या आधी दूतावासाच्या पानावर बघून खात्री करा.

'नक्की' हा शब्द मात्र सोडून द्या. तुमचे पैसे ठिकाणांचे नसतात, त्या पाण्यात काही दिवस राहण्याचे असतात. लेमेर म्हणजे दोन उभ्या कड्यांमधली चिंचोळी वाट. बर्फाने तुंबली की कप्तान तोंड वळवतो. डिसेप्शन हा बुडालेला ज्वालामुखी. आत समुद्र, काळी वाळू, कुठेकुठे वाफ, जुन्या देवमासे-कारखान्याच्या गंजलेल्या टाक्या. 1967 ते 1970 च्या दरम्यान तो तीनदा फुटलाय. आत जायची फट अरुंद, वारा भलत्या बाजूने असला तर जात नाहीत. पोर्ट लॉक्रॉयला 1944 चं ब्रिटिश ठाणं आहे, उन्हाळ्यापुरतं टपाल कार्यालय चालतं. तिथे टाकलेलं पोस्टकार्ड संकेश्वरला तुमच्यानंतर कित्येक आठवड्यांनी येईल. त्यातही एका जागी एका वेळी शंभरच माणसं उतरवायची, एका ठिकाणी एकच बोट, असा नियम. त्यामुळे सगळ्या बोटींचं वेळापत्रक आधी बांधलेलं असतं, आणि वाऱ्याने एक चुकलं की सगळ्यांचंच फिरतं.

रोज संध्याकाळी मोहिमेचा प्रमुख उद्याचा बेत सांगतो. सकाळी तो बदललेला असतो. जाहिरातीचा कागद हातात घेऊन त्याच्याशी भांडणारी माणसं मी पाहिलीत. त्याच वेळी मागच्या डेकवर उभी असलेली माणसं उगवलेल्या देवमाशाची शेपटी बघत होती. भांडणाऱ्यांपैकी असाल तर त्या पैशात दुसरीकडे जा.

बर्फ वितळतोय म्हणून शिकतो आम्ही, आणि त्याच बर्फाकडे श्रीमंत माणसं बोटी घेऊन जातात. हे बरोबर आहे का?
— बी.एस्सी.ची विद्यार्थिनी, खानापूर

बाळ, ज्या बोटीच्या पगारावर माझं घर उभं राहिलं तिच्यावर मी न्यायनिवाडा करणं तुला चालेल का? तरी विचारलंस म्हणून सांगतो.

गेल्या काही वर्षांत एकेका हंगामात लाखाच्या वर माणसं तिकडे गेली. विमानं आणि बोटींचा धूर खराच. त्याच्यावर बंधनंही आली. 1991 साली बोटवाल्यांनीच संघटना केली. पाचशेच्या वर प्रवासी असलेल्या बोटीने माणसं उतरवायचीच नाहीत, पेंग्विनपासून पाच मीटर लांब राहायचं, असे नियम लावले. 2007 मध्ये एक्सप्लोरर नावाची बोट तिथे बर्फाला लागून बुडाली, माणसं सगळी वाचली. जड काळं इंधन नेणाऱ्या मोठ्या बोटींना 2011 पासून साठ अंशांच्या दक्षिणेला बंदी आहे. याने प्रश्न सुटला असं मी म्हणणार नाही. नियम पाळणाऱ्या बोटी वाढत गेल्या तरी वाढ ती वाढच. एकूण संख्येला कोणीतरी मर्यादा घालायला हवी असं माझं मत, आणि ते बोटीवरच्या बऱ्याच गाईडांचंही होतं.

एक मात्र पाहिलंय. पेंग्विनांच्या वसाहतीचा वास सुक्या मासळीच्या बाजारात दुपारी बारा वाजता येतो तसा. क्रिल, म्हणजे कोळंबीसारखे बारके जीव, खाऊन त्यांची विष्ठा गुलाबी होते, बर्फावर लांबवर तिचे पट्टे असतात. अर्धी माणसं नाक धरून दहा मिनिटांत होडीकडे परततात. उरलेली तासभर नुसती उभी राहतात, पेंग्विनांच्या वाटेतून बाजूला होतात, एखादा तोंडात खडा घेऊन घरट्याकडे जातो ते बघतात. जायचं तर त्या दुसऱ्यांनी जावं. पहिल्यांनी जाऊ नये, मग त्यांच्याकडे कितीही पैसे असोत. आणि तू बी.एस्सी. करतेस ना? वास्कोच्या केंद्राकडे लक्ष ठेव. तुझ्यासाठी तिकडे जायचा तोच खरा रस्ता, आणि तिकीटही नाही.

गोव्याच्या हॉटेलात किचनमध्ये आहे. अशा बोटीवर नोकरी कशी मिळते? एक एजंट दीड लाख मागतोय.
— एक तरुण, नंदगड

देऊ नकोस. भारतात खलाशांची भरती करणाऱ्या एजन्सीला नौवहन महासंचालनालयाचा आरपीएसएल परवाना लागतो, आणि परवानाधारकाला उमेदवाराकडून नोकरीचे पैसे घेता येत नाहीत. महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर त्यांची यादी आहे, नाव आणि नंबर तिथे जुळवून बघ. आमच्याच गल्लीतल्या एका पोराने असेच पैसे भरले आणि त्याच्या हातात आलं ते बनावट पत्र. वर्ष वाया गेलं ते वेगळं.

कायदेशीर खर्च एवढेच: पासपोर्ट, वैद्यकीय तपासणी, एसटीसीडब्ल्यूचे प्राथमिक कोर्स म्हणजे आग विझवणं, प्रथमोपचार, समुद्रात जीव वाचवणं वगैरे, आणि सीडीसी हे खलाशाचं पुस्तक. प्रवासी बोटीसाठी गर्दी सांभाळायचंही प्रशिक्षण लागतं. ते कोर्स मान्यताप्राप्त संस्थेतूनच कर, गोव्यातही होतात. जीव वाचवण्याच्या कोर्सात लाइफजॅकेट घालून उंचावरून पाण्यात उडी मारायला लावतात. मलप्रभेत डुंबलाय म्हणून ते जमेल असं धरू नकोस, आधी तलावावर जाऊन सराव कर. मुलाखतीत शेफ चाकू कसा धरतोस ते बघेल आणि एक सॉस विचारेल, पाच मूळ फ्रेंच सॉस पाठ ठेव. पहिलं कंत्राट भांडी घासायचंच मिळेल, तेही घे.